वर कोण चढणार

आमच्या कामाची वाटणी सोपी असते. एकाने वर जायचं, एकाने आत. वर म्हणजे गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. आत म्हणजे मोरीत, स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे, कूलरच्या पोटात. डासांच्या अळ्या कुठे वळवळतायत ते शोधायचं, सापडल्या की पाणी ओतून द्यायचं नाहीतर औषध टाकायचं, घरच्या बाईला दोन शब्द सुनवायचे, दारावर खडूने खूण करायची आणि पुढचं दार वाजवायचं. सुरतेत लोक आम्हाला मच्छरवाले म्हणतात. म्हणोत बापडे. पगार सरकारी आणि कटकट साऱ्या गावाची, अशी ही नोकरी.

वर पुरुषाने जायचं आणि आत बाईने, असा रिवाज पडलेला. कोणी लिहून दिलेला नाही, पण कुठल्या घरची सासू परक्या पुरुषाला आपल्या ओट्याखाली वाकू देईल? दुपारच्या वेळी मोरीत धुणं चाललेलं असतं, सून साडीला लेस लावत पाय पसरून बसलेली असते. तिथे मी गेले तर कोणी पदरही सावरत नाही. आणि वर जायला लोखंडी शिडी, तीही भिंतीला सरळ ठोकलेली. खाली गल्लीत रिकामटेकडी टोळकी उभी. तिथे बाईमाणसाने साडी खोचून चढायचं म्हणजे फुकटचा तमाशा.

माझे मालक वारले तेव्हा त्यांच्या जागी मला खात्यात घेतलं. मला डासातलं काय कळत होतं? चावतो तो डास, एवढंच. माझी जोडी भाऊंशी लावली. भाऊ माझे सख्खे कोणी नव्हेत. ते धुळ्याकडचे, मी नंदुरबारकडची, घरातली बोली दोघांची अहिराणी, म्हणून भाऊ. ते मला बाई म्हणायचे. पहिल्याच घरी मी शिडीला हात घातला तर म्हणाले, “बाई, वरचं माझ्याकडे. तू आतलं बघ. मी आहे तोवर तुला शिडी चढायची वेळ येणार नाही.”

एवढंच बोलले आणि वर्षानुवर्षं पाळलं. मे महिन्यातली तापलेली गच्ची असो, अंगात कणकण असो, मुलीचं लग्न तोंडावर आलेलं असो, वरचं भाऊच करायचे. नवरा गेलेल्या बाईला कामावर लोक काय काय ऐकवतात ते मला चांगलं माहीत आहे. भाऊंच्या जोडीत असताना मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. याबद्दल मी त्यांना कधी काही म्हटलं नाही. आमच्यात तसलं बोलत नाहीत. डब्यातली मिरचीची चटणी अर्धी त्यांना द्यायची, झालं.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. म्हणजे एका दिवसात नाही गेले. आधी शिडीवरून उतरताना मध्येच थांबायला लागले. मी विचारलं, “काय झालं, भाऊ?” तर म्हणाले, “काही नाही, चप्पल सटकली.” मग वर जाताना थांबायला लागले. मी म्हटलं, आता चप्पल वर जातानाही सटकते वाटतं! हसले नाहीत. एक दिवस लिंबायतच्या एका बोळात ते शिडीच्या मध्यावर डोळे मिटून उभे राहिले, दोन्ही हातांनी दांडी गच्च धरून. पाय वरही जाईना, खालीही येईना. 

“उतरा,” मी म्हटलं. “हळूहळू उतरा आणि पायरीवर बसा.”

उतरले. बसले. माझ्याकडे बघितलं नाही. मी साडी खोचली, टॉर्च घेतली आणि चढले. खाली उभ्या असलेल्या टोळक्यातला एक दात काढायला लागला, त्याला म्हटलं, “तुझ्या आईला पाठव वर, ती चढली तर मी उतरते.” त्यानंतर त्या बोळात कोणी हसलं नाही. आणि त्या दिवसापासून वर मी, आत भाऊ.

आत जाणं भाऊंना शिडीपेक्षा जड गेलं. दार उघडलं की आतून प्रश्न यायचा, “बेन क्यां गया?” भाऊ उंबऱ्याबाहेरच उभे. “बेन वर गेल्यात. तुम्ही जरा फ्रीजच्या मागची ट्रे काढून दाखवा ना, भाभी.” सुरुवातीला बायका कुरकुरायच्या. पुढे पुढे सवय झाली. भाऊ पायरीवर बसायचे आणि बायका एकेक वस्तू बाहेर आणून त्यांना दाखवायच्या: ट्रे, कुंडी, चिमण्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं. काही घरांत चहा मिळायला लागला. मी घामाने निथळत खाली यावं तर हे बशीत चहा ओतून एखाद्या म्हातारीच्या सांधेदुखीची चौकशी करतायत. “तुमचं बरंय,” मी म्हणायची. “असं असतं तर मी आधीच गुडघे मोडून घेतले असते.” तेव्हा मात्र हसायचे.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर ऑफिसात का नाही सांगितलं? दिवाळीनंतर तर निवृत्त व्हायचे होते. डॉक्टरची चिठ्ठी दिली की हलकं काम मिळतं. मिळतं हो, का नाही मिळत. पण ते हलकं काम म्हणजे काय ते आम्ही पाहिलेलं होतं.

ऑफिसच्या दाराशी एक बाकडं आहे. चिठ्ठीवाला माणूस त्या बाकड्यावर. काम असं काही नाही. तक्रार घेऊन कोणी आलं तर टेबल दाखवायचं, साहेबांची बाटली भरून आणायची, चहा सांगायचा. आमच्यातलेच एक काका हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर तिथे बसायला लागले. तापीला पूर आला तेव्हा चिखलातून पंप पाठीवर घेऊन घराघरात औषध मारणारा हा माणूस. कंत्राटावरची नवी मंडळी येता-जाता विचारायची, “काका, एसी लावू का?” तेही हसायचे. बाटल्या भरायचे. निवृत्तीच्या दिवशी गळ्यात हार घालून घेतला आणि पुन्हा त्या रस्त्याने म्हणून फिरकले नाहीत. भाऊ तेव्हाच मला म्हणाले होते, “बाई, मी त्या बाकड्यावरून घरी जाणार नाही. सगळी नोकरी गल्लीत केली, जाईन तर गल्लीतूनच.” भाऊंना दुसरं काही नको होतं.

म्हणून मी चढत होते. उपकार वगैरे नाही. त्यांनी माझ्या वाट्याच्या शिड्या इतकी वर्षं चढल्या, मी त्यांच्या वर्षभर चढले, यात काय मोठंसं? पण माझंही काही वय विशीचं नव्हतं. या नोकरीत उतारवयात काय काय होतं ते कोणी विचारत नाही म्हणून सांगते. दिवसभर गल्लीत, आणि बाईमाणसाला आडोशाला जायची सोय नाही, म्हणून घरून निघाल्यापासून पाणीच प्यायचं नाही. दुसऱ्याच्या घरी पाण्याच्या टाक्या तपासायच्या आणि आपण कोरडं राहायचं. हजेरी मोबाईलवर, तोंड दाखवून. उन्हाने रापलेलं तोंड त्या मोबाईलला ओळखू येत नाही, चष्मा काढा, घाम पुसा, परत दाखवा. आणि टाक्यांची झाकणं. काही ठिकाणी अजून सिमेंटची आहेत, एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने सरकवायची. पावसाळा लागेपर्यंत माझा उजवा खांदा धरला होता. सकाळी केस विंचरायला डावा हात वापरायला लागले. हे मी भाऊंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते पुन्हा शिडीला लटकले असते.

आता आमच्यातल्या एका चालीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टाफचं घर कोणी तपासत नाही. असा नियम नाही, पण मान म्हणून तसं चालतं. भाऊंचं घर दुसऱ्या जोडीच्या हद्दीत. ती दोघं गल्लीत आली की खालूनच ओरडायची, “काका, बधु बराबर?” सगळं ठीक ना, म्हणून. आतून वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, “हो हो, या चहाला,” म्हणायचं. यांनी दारावर खूण करायची, चहा प्यायचा आणि पुढे. मच्छरवाल्याच्या घरची टाकी तपासायची म्हणजे त्याला शिकवायला गेल्यासारखं. माझ्याही घरी तेच चालायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गणपती उठले आणि भाऊंच्या नातीला ताप आला. सात वर्षांची पोर. भाऊंच्या मुलाची एकुलती एक. आधी वाटलं, विसर्जनाला भिजली. मग अंगावर लाल पुरळ उठलं, डोळे दुखतात म्हणून रडायला लागली. रक्त तपासलं तर डेंग्यू. पेशी खाली आलेल्या. मुलगा आणि सून तिला घेऊन हॉस्पिटलात दाखल झाले. भाऊ त्या दिवशी कामावरून अर्ध्यातून गेले. जाताना म्हणाले, “शाळेत चावला असेल. शाळेच्या मागे बांधकाम आहे ना.” मी म्हटलं, “असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कणीक मळत असताना त्यांचा फोन.

“बाई, कामावर जाऊ नको. आधी इकडे ये.”

“पोर कशी आहे?”

“तशीच. तू ये. आज आमच्या घरी तपासणी आहे.”

ज्याच्या घरी डेंग्यू निघतो त्याच्या घरी आणि आजूबाजूला दुसऱ्या दिवशी तपासणी होते. तेव्हा मान-बिन काही चालत नाही, इन्स्पेक्टर साहेब स्वतः बरोबर असतात. आम्हीच शेकडो घरी अशा तपासण्या केलेल्या. त्यांना आपल्याच टाकीची भीती आहे, एवढं मला कळलं. हात तसेच कणकेचे पुसले आणि रिक्षा पकडली.

भाऊ गल्लीतच उभे होते. रात्र हॉस्पिटलात काढलेली, दाढी वाढलेली. वहिनी दारात. घर खाली दोन खोल्या, वर एक, आणि त्यावर गच्ची. वरच्या खोलीपर्यंत जिना, तिथून पुढे बाहेरच्या अंगाने लोखंडी शिडी.

“टाकी शेवटची कधी बघितली होती?” मी विचारलं.

 वहिनी म्हणाल्या, “हेच बघतात ना. हे म्हणतात, मी बघतो, तुम्ही कोणी चढू नका. दर आठवड्याला विचारते मी. बघितली म्हणतात.”

“भाऊ?”

“बाई, तू चढ,” ते म्हणाले.

माय वं! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बाहेर गुडघ्यांचं लपवलं ते समजू शकते. घरीही लपवलं होतं यांनी. मुलगा म्हणाला असेल मी बघतो, तर याला काय कळतंय म्हणून गप्प केलं असेल. आणि बाहेरची जोडी मानापोटी वर चढत नव्हती. वर्षभर त्या टाकीपाशी कोणी गेलंच नव्हतं. घरात मच्छरवाला आहे म्हणून.

मी चढले. काळ्या प्लास्टिकची टाकी, झाकण उन्हाने तडकून निम्मं गेलेलं, त्यावर कोणी तरी कधी तरी फरशीचा तुकडा ठेवलेला, तोही कलंडलेला. टॉर्च मारली. टॉर्चची गरजच नव्हती. सगळं पाणी हलत होतं. अळ्या तर होत्याच, पण त्यांच्यात कोशही होते. कोश म्हणजे जुनं दुखणं. अळी मोठी होऊन आता डास होऊन उडायच्या बेतात. काठाशी उडून गेलेल्यांची सालपटं तरंगत होती. हे दोन-चार दिवसांचं नव्हतं. किती पिढ्या इथून उठून खाली त्या पोरीच्या अंथरुणापर्यंत गेल्या असतील, देव जाणे.

मला रडू आलं. आणि रडता रडता मी काय केलं, तर खाली वाकून टाकी धुवायचा वॉल्व सोडला. सगळं पाणी वाहून जाऊ दे. साहेब यायच्या आत टाकी रिकामी, घासून कोरडी. कोणाला काय कळणार आहे? दिवाळीनंतर माणूस घरी बसेल, या वयात त्याच्या तोंडाला काळं कशाला.

“आहे का?” खालून भाऊंनी विचारलं.

“नाही! साफ आहे!”

“मग वॉल्व का सोडलास?”

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गच्चीचं पाणी पन्हाळातून सरळ गल्लीत पडतं. भाऊंच्या पायाशी पडत होतं. ते वाकून बघतायत हे मला वरून दिसलं. गल्लीतल्या सिमेंटवर पाणी पसरलं आणि त्यात जे काही वळवळत होतं ते त्यांना चष्म्याशिवाय दिसलं असणार. त्यांचं आयुष्य तेच बघण्यात गेलं होतं.

“बंद कर,” ते ओरडले. “बंद कर ते! त्यांना बघू दे.”

“भाऊ, वेडेपणा करू नका.”

“बंद कर म्हणतो ना!”

मी बंद केला. आणि खाली बघते तर ते जिन्यात शिरले होते. थोड्या वेळाने शिडी हलायला लागली. “भाऊ, चढू नका, पाया पडते तुमच्या,” मी म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही. एक पाय वर टाकायचा, दोन्ही हातांनी शरीर ओढून घ्यायचं, मग दुसरा पाय हाताने उचलावा तसा ओढून त्याच पायरीवर आणायचा.  वहिनी खाली पदर तोंडात धरून उभ्या. शेवटी मी त्यांना काखेत धरून गच्चीवर ओढलं तेव्हा माझ्या खांद्यातून कळ डोक्यापर्यंत गेली.

ते रांगत टाकीपाशी गेले. फरशीचा तुकडा बाजूला केला. आत बघितलं. मग टाकीला पाठ लावून खाली बसले आणि म्हणाले, “कोश आहेत.”

“हो.”

“म्हणजे शाळेत नाही चावला.”

  मग ते जे बोलले ते मला अजून लागतं. म्हणाले, “लोकांच्या गच्च्या चढलीस वर्षभर. माझी एक चढली असतीस.”

“तुम्ही म्हणालात कधी?” मी उसळलेच. “चहाला बोलावलंत, चढायला बोलावलंत कधी? मला वाटलं, मुलगा बघत असेल. तुमच्या घरात मी कशी सांगणार, की जा रे, तुझ्या बापाला चढता येत नाही?”

“म्हणालो नाही,” ते म्हणाले. “खरंय. म्हणालो नाही.” आणि तोंड फिरवून रडले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझा राग तिथेच गेला. मी शेजारी बसले. ऊन चढत होतं आणि सावली कुठे नव्हती.

साहेब आणि ती दुसरी जोडी आली तेव्हा आम्ही तसेच बसलेलो होतो. साहेब वयाने माझ्या मुलाएवढे, पण माणूस वाईट नाही. वर आले, टाकीत बघितलं, आमच्याकडे बघितलं. दुसऱ्या जोडीतल्या दोघांनी टाकीत बघून माना खाली घातल्या. दारावरची ताजी खूण त्यांच्याच हातची होती.

“काका, चला खाली,” साहेब म्हणाले.

भाऊ उठायला गेले. उठता येईना. गुडघे सुजून असे झालेले की पँट ताणलेली. “उतरता येत नाही, साहेब,” ते म्हणाले.

मग साहेब आणि त्या जोडीतला माणूस, दोघांनी मिळून त्यांना उतरवलं. एक खालच्या पायरीवर उभा राहून त्यांचं पाऊल हाताने धरून एकेका पायरीवर ठेवत होता, दुसरा वरून काखेत धरून. तोवर सगळी गल्ली जमली. ज्या गल्लीत भाऊ जाता-येता “टाकी झाका, पाणी साठवू नका” म्हणून लोकांना हाका मारायचे, ती गल्ली. एकाने मोबाईल वर धरला होता. मी त्याला म्हटलं, “ठेव तो खिशात, नाहीतर याच टाकीत बुडवीन.” ठेवला त्याने. पण व्हायचं ते झालं होतं. दारावर नोटीस लागली. साहेब चिकटपट्टी शोधत होते, ती भाऊंनीच आतून आणून दिली.

त्यानंतरचे दिवस हॉस्पिटलात गेले. पोरीच्या पेशी आणखी खाली आल्या. नाकातून रक्त आलं. मी काम संपलं की जायची. भाऊ बाहेरच्या कट्ट्यावर बसलेले, आत जायचे नाहीत. सून त्यांच्यासमोरून जा-ये करायची, डबा त्यांच्या हातात द्यायची, पण एक शब्द बोलायची नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मुलगा एकदा माझ्याजवळ म्हणाला, “मावशी, मला नुसतं सांगितलं असतं तर मी गेलो असतो की वर. कारखान्यातल्या मशीनवरून सुटलो की वेळच वेळ होता.” त्याच्या आवाजात राग कमी होता. त्याने तर नीट रागवायला हवं होतं.

पोर वाचली. चांगले आठ-दहा दिवस गेले, पण वाचली. ती घरी आली त्या संध्याकाळी मी किवी घेऊन गेले. डेंग्यूच्या माणसाला लोक किवी देतात, का ते मला माहीत नाही, पण देतात. पोर कॉटवर उशीला टेकून बसलेली, एवढंसं तोंड झालेलं. भाऊ खुर्चीवर, पाय स्टुलावर. सून आतून पाणी घेऊन आली.

साहेबांनी माझ्याकडे निरोप दिला होता, की काका परत आले की बाकड्यावर बसतील. मी तो सांगितला.

“मी येणार नाही,” भाऊ म्हणाले. “रजा शिल्लक आहे. शेवटपर्यंत रजा टाकतो. सगळ्यांनी मला धरून उतरवताना पाहिलंय. आता बाकड्यावर बसून त्यांना तोंड दाखवू?”

 त्यांना जे नको होतं तेच झालं होतं, तेही सगळ्यांसमोर.

पोर किवीकडे बघत होती. मध्येच तिने विचारलं, “मम्मी, मला मच्छर क्यां करडेलो?” ती गुजराती शाळेत जाते, तिचं बोलणं असंच अर्धं-अर्धं. डास कुठे चावला, असं विचारत होती.

“शाळेत, बेटा,” सून चटकन म्हणाली. सासऱ्याशी बोलत नव्हती, तरी त्याच्यासाठी खोटं बोलली. 

“नाही,” भाऊ म्हणाले. “इथे चावला. आपल्या टाकीतला होता.”



“पण आबा, तुम्ही तर मच्छर पकडता ना?”

“पकडतो.”

“मग आपल्या टाकीतला का नाही पकडला?”

भाऊंनी चष्मा काढला आणि परत घातला. म्हणाले, “मला वर चढता येत नाही, बेटा. माझे पाय गेले.”

पोरीने त्यांच्या स्टुलावरच्या पायांकडे बघितलं. मग जणू हा काय एवढा मोठा प्रश्न, अशा सुरात म्हणाली, “तर सांगायचं ना. पप्पा चढले असते.” आणि मला म्हणाली, “मावशी, हे सोलून दे.”

मी सोलायला घेतलं. सून आत गेली आणि थोड्या वेळाने चहा घेऊन आली. कप भाऊंच्या हातात देताना म्हणाली, “गरम आहे, मामंजी, जपून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी ऑफिससमोर एक रिक्षा थांबली आणि त्यातून भाऊ उतरले. काठी घेऊन. आम्ही सगळे मोबाईलला तोंडं दाखवत उभे होतो. साहेब बाहेर आले. भाऊ बाकड्यापाशी आले पण बसले नाहीत, उभेच राहिले.

“साहेब, मला वर्षभर झालं, चढता येत नाही,” सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले. “मी सांगितलं नाही. माझ्या वाट्याचं ही बाई चढत होती.”

साहेब म्हणाले, “ठीक आहे, काका. झालं ते झालं. बसा तुम्ही.”

“माझं झालं,” भाऊ म्हणाले. “हिचं बघा. हिचाही खांदा गेलाय. गच्चीवर मला ओढलं तेव्हाच कळलं मला. ही सांगणार नाही. तिला नवा जोडीदार द्या आणि शिडीवरून उतरवा.”

मला इतका संताप आला! कोणी विचारलं होतं यांना? अजून माझी दोन वर्षं बाकी. मुलाचं अजून कुठे बस्तान बसलेलं नाही. मला त्या बाकड्यावर बाटल्या भरत बसायचं नव्हतं. मी भाऊंकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही.

“खरंय का, बेन?” साहेबांनी विचारलं.

“कुठलं काय, साहेब! यांचं काही ऐकू नका. माझा खांदा चांगला ठणठणीत आहे.”

“मग हात वर करून दाखवा.”

सगळे बघत होते. मी हसत हसत उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला. पुढे नेते आहे असं मला वाटत होतं, पण तो जाईना, तिथेच थरथरत राहिला. मी दात चावून आणखी जोर लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग मी हात खाली सोडला.

“नाही होत, साहेब,” मी म्हणाले.

भाऊ बाकड्यावर एका बाजूला सरकून बसले होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.